गहू बंद, दूध बंद

उज्जैनच्या गोपाळ मंदिराकडे पाठ करून छत्री चौकातून पटनी बाजाराच्या दिशेने निघालं, की किराणा दुकानांत उपवासाच्या मालाचा कोपरा हमखास दिसतो. राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा, शेंदेलोण आणि आपण जिला वरी किंवा भगर म्हणतो ते मोरधन. श्रावणात सोमवारी महाकालाची सवारी निघते, त्या दिवसांत या मालाचा खप वाढतो हे सांगायला नको. पण काही घरांत ही पिठं उपवास नसतानाही लागतात. त्यातल्या एखाद्या घरी चार-पाच वर्षांचं स्वमग्न मूल असतं आणि त्याचा गहू आणि दूध बंद केलेलं असतं. कोणी सांगितलं असं विचारलं तर उत्तर दरवेळी वेगळं मिळतं. थेरपीला येणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या आईने, पुण्याच्या नणंदेने, अमेरिकेतल्या भाच्याने. या सांगणाऱ्यांना कोणी सांगितलं हे शोधत मागे गेलं तर वाट हॉलंडपर्यंत जाते, आणि मधल्या प्रत्येक मुक्कामावर पथ्य तेच राहून त्यामागचं कारण मात्र बदललेलं आढळतं.

पथ्य ऐकायला सोपं आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन, ही दोन प्रथिनं ताटातून पूर्ण काढायची. कमी करून भागत नाही, कणभरही नको, असं सांगणारे बजावतात. कोकणात भात, मासळी आणि नारळावर वाढणाऱ्या मुलाला यात फार काही गमवावं लागत नाही. माळव्यात मात्र ताटच रिकामं होतं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'एमपीचा लोकवन' म्हणून जो गहू विकला जातो त्याचा हा मुलूख. पोळी, लापशी, शिरा, शेवया, आणि सणासुदीला बाफले, म्हणजे जाडसर कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून, मग भाजून, शेवटी तुपात बुडवलेले. शिंद्यांच्या मागोमाग इथे आलेल्या मराठी घरांनी वरणभात सोडला नाही, तरी त्यांच्याही डब्यात पोळीच असते. नाश्त्याचे पोहे तेवढे बिनधोक वाटतात, कारण मुळात तांदूळ आणि वर बेसनाची शेव. पण त्यावर जिरावण भुरभुरलं जातं, जिरावणात हिंग असतो, आणि बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. कोणतं, ते डबीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. तुपावरून तर घरोघरी वाद. कढवताना केसीन बेरीत राहतं, म्हणून नीट गाळलेलं तूप चालतं असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष दुधाचं म्हणजे दुधाचं, यावर अडून बसतो.

या पथ्याच्या मुळाशी एक खरं यश आहे. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी लहान मुलांच्या एका आजाराचं, सीलिअ‍ॅकचं, वर्णन केलं. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, शौच फिकट आणि भरपूर. मूल सुकत जातं. हा रोग बरा होणार असेल तर आहारानेच होईल, एवढं त्यांनी ओळखलं होतं; कोणत्या आहाराने, ते नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. हास यांनी श्रेय केळ्यांना दिलं. खरं श्रेय केळ्यांमुळे ताटातून गेलेल्या पावाचं होतं, पण हास पुढे अनेक वर्षं केळ्यांची बाजू लढवत राहिले.

विलेम डिके हे हेगच्या बालरुग्णालयातले डॉक्टर. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची रसद तोडली, पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. सगळी मुलं खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुलं मात्र बरी होत होती, आणि विमानांतून पाव आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्ट इतकी नेटकी आहे की ती थोडी सैल करून ऐकावी. डिके तिसाच्या दशकापासूनच गहू वगळून बघत होते, १९४१ मध्ये त्यांनी तसा लेखही लिहिला होता. दुष्काळाने त्यांच्या संशयाला बळ दिलं एवढंच. पुढे महत्त्वाचं घडलं ते १९५० च्या आसपास, उट्रेख्टला. त्यांच्या सहकाऱ्यांनी शौचातली चरबी मोजायची रीत बसवली. गहू दिला की चरबी वाढायची, काढला की कमी व्हायची. आईला काय वाटतं, डॉक्टरला काय वाटतं, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नव्हतं. पुढे सत्तर वर्षांत या पथ्याचे जे वंशज झाले, त्यांच्या वाट्याला असा आकडा कधी आला नाही.

डिके यांच्या यशाने एक कल्पना मोकळी सुटली. रोजचं, निरुपद्रवी, पवित्रसुद्धा मानलं गेलेलं अन्न एखाद्या शरीरात विषासारखं वागू शकतं. मग आतड्यात वागतं तसं मेंदूत का नाही?

हा प्रश्न फिलाडेल्फियाच्या परिसरात काम करणाऱ्या एफ. कर्टिस डोहान या डॉक्टरांनी धसाला लावला. १९६६ मध्ये त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले पाच देशांचे आकडे मांडले. फिनलंड, नॉर्वे, स्वीडन, कॅनडा, अमेरिका. जिथे गव्हाचा खप घटला तिथे स्किझोफ्रेनियासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाणही घटलं, असं त्यांना दिसलं. युद्धाच्या वर्षांत गव्हाखेरीज आणखी शंभर गोष्टी बदलतात, हा आक्षेप कोणीही घेईल. पण डोहान आकड्यांवर थांबले नाहीत. १९६९ मध्ये त्यांनी बंद वॉर्डातल्या रुग्णांवर प्रयोग केला. काहींना नेहमीचं जेवण, काहींना धान्य आणि दूध दोन्ही वगळून. पथ्यावरचे रुग्ण खुल्या वॉर्डात लवकर गेले. आज उज्जैनच्या एखाद्या स्वयंपाकघरात गव्हाबरोबर दुधाची पिशवीही बंद होते, त्या जोडीची नाळ या वॉर्डापर्यंत जाते. डोहान यांचे निष्कर्ष पुढच्यांना खात्रीने पुन्हा मिळाले नाहीत, आणि मानसोपचाराने तो विषय हळूहळू बाजूला ठेवला.

तरीही ते पथ्य स्वमग्न मुलांपर्यंत आलं, ते नात्याने. लिओ कॅनर यांनी बाल्टिमोरहून १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं आणि ऑटिझमला स्वतंत्र ओळख दिली, पण नंतरची कित्येक वर्षं ही मुलं बाल-स्किझोफ्रेनियाच्या खात्यातच धरली जात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८ च्या यादीत ऑटिझमला वेगळी जागा नव्हती. १९८० च्या यादीत ती मिळाली आणि दोन आजारांचं नातं कागदोपत्री तुटलं. पण तोवर स्किझोफ्रेनियाच्या घरातलं पथ्य ऑटिझमच्या घरात वारशाने येऊन पोचलं होतं. नातं खोटं ठरलं, वारसा मात्र कोणी परत मागितला नाही. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत चमत्कारिक वाटतो तो हा सांधा.

वारशाला नवं कारण लवकरच मिळालं, आणि तेही प्रयोगशाळेतून. १९७९ मध्ये ओहायोतल्या याक पांकसेप यांनी एक तर्क मांडला. आईपासून तोडलेली पिल्लं केकाटतात. त्यांना अगदी थोडी अफूजन्य औषधं दिली की गप्प होतात, आईची गरजच उरत नाही. वेदनेची जाणीव बोथट, माणसांची ओढ कमी, स्वतःत रमणं. ही लक्षणं स्वमग्न मुलांतही दिसतात. मग या मुलांच्या मेंदूत स्वतःचीच अफू जास्त असेल का? त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की गव्हाचं ग्लुटेन आणि दुधाचं केसीन परीक्षानळीत अर्धवट पचवलं की त्यातून अफूसारखे वागणारे तुकडे निघतात. दोन्ही निरीक्षणं आपापल्या जागी पक्की होती. ऑस्लोचे कार्ल राइखेल्ट यांनी १९८१ पासून ती जोडली. स्वमग्न मुलांच्या लघवीत आपल्याला असे तुकडे सापडतात असं ते म्हणाले. म्हणजे आतडं गळकं आहे, त्यातून गव्हा-दुधाची अफू रक्तात जाते आणि तिथून मेंदूत. इंग्लंडात संडरलंडचे पॉल शॅटॉक हे औषधशास्त्राचे अध्यापक आणि एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी लघवीच्या तपासणीचं केंद्रच चालवलं. आता पालकांच्या हातात छापील अहवाल येऊ लागला. अहवालावरच्या आलेखाचा उंचवटा बघून किती घरांतली पोळी बंद झाली असेल, कोण जाणे.

अफूचा हा सिद्धांत आपल्याकडे पटकन रुजण्याजोगाच होता. माळवा म्हणजे ज्या प्रदेशाची अफू एकेकाळी चीनपर्यंत जात असे तो प्रदेश. उज्जैन तिच्या मोठ्या बाजारांपैकी एक. रडकी पोरं गप्प करायला अफूचा कण देण्याची चाल ज्या मुलखात होती, तिथे 'मुलाला नशा चढल्यासारखी आहे' हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

पण सिद्धांत पटायला सोपा आहे म्हणून तो खरा होत नाही. शरीरातल्या अफूचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध स्वमग्न मुलांना देऊन पाहिलं गेलं. काहींची चुळबुळ थोडी कमी झाली. संवाद, माणसांची ओढ यांत फरक पडला नाही. आणि २००८ मध्ये लंडनच्या एका गटाने ६५ स्वमग्न मुलग्यांची लघवी १५८ इतर मुलांच्या लघवीशी अधिक काटेकोर यंत्रांनी ताडून पाहिली, तेव्हा ते अफूसदृश तुकडे कुणाच्याच नमुन्यात सापडले नाहीत. उंचवटे होते, पण ते दुसऱ्याच कशाचे होते.

सिद्धांताची अशी वाताहत होत असताना पथ्य फोफावतच होतं. त्याला पोसणारं काहीतरी प्रयोगशाळेबाहेर होतं, आणि ते समजून घ्यायला आयांकडे बघावं लागतं. कॅनर यांच्या लिखाणातच आईबापांच्या 'थंडपणा'चा उल्लेख होता. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात आईच्या नाकारण्यालाच दोषी धरलं. आयांची एक अख्खी पिढी 'मी माया केली नाही म्हणून माझं मूल असं झालं' हे ऐकत जगली. त्याआधी १९६४ मध्ये बर्नार्ड रिम्लंड यांनी, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील होते, ऑटिझम हा जैविक प्रश्न आहे असं ठासून मांडलं आणि आईच्या माथ्यावरचं ओझं उतरायला सुरुवात झाली. नंतर त्यांच्या संस्थेच्या वर्तुळातूनच जीवनसत्त्वं, पूरकं आणि पथ्यं यांचा पसारा वाढला. अमेरिकेत लिसा लुइस यांचं पाककृतींचं पुस्तक १९९८ मध्ये आलं, कॅरिन सेरूसी यांचं मुलाच्या बरं होण्याची कहाणी सांगणारं २००० मध्ये. दोघीही आया. जिच्यावर कालपर्यंत आरोप होता ती आता घरची वैद्य झाली. स्वयंपाकघर तिच्याच हातात होतं. डॉक्टर जिथे 'थेरपी चालू ठेवा, वाट बघा' एवढंच सांगत, तिथे या पुस्तकांनी तिला उद्या सकाळी उठून करण्यासारखं काम दिलं.

भारतात हे सगळं या पुस्तकांतून, परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून आणि मग फोनच्या पडद्यावरून आलं. इथे त्याला रुजायला तयार वाफा मिळाला, तो पथ्याचा. औषधापेक्षा पथ्य थोर, ही समजूत आपल्याकडे जुनी. सप्तशृंगीचा भक्त म्हणवणाऱ्या लोलिंबराजाने वैद्यजीवनात म्हटलंच आहे की पथ्य पाळलं तर औषधाचं काम काय, आणि नाही पाळलं तरी औषधाचं काम काय. हा विचार मराठी घरांत इतका मुरला आहे की 'काहीतरी सोडा' असं सांगणारा माणूस आपल्याला 'काहीतरी घ्या' सांगणाऱ्यापेक्षा जास्त खरा वाटतो. नवसाला वांगं सोडणारे, चातुर्मासात कांदा सोडणारे आपण. मुलासाठी गहू सोडणं हे आपल्या मनाच्या आधीच्याच खोबणीत बसतं.

मात्र जुन्या ग्रंथांचा आधार घ्यायचाच, तर तो नीट घ्यावा. दृढबलाने पूर्ण केलेल्या चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात, कोणत्या देशाच्या लोकांना काय मानवतं याची यादी आहे. सिंधकडच्यांना दूध, पूर्वेकडच्यांना मासे, मध्यदेशाला जव, गहू आणि गोरस; गहू बाह्लीक, यवन, शक यांच्या नावावरही आहे. आणि अवंतीच्या लोकांना, म्हणजे याच उज्जैनच्या परिसराला, तेल आणि आंबट. गव्हाचं नाव अवंतीपुढे नाही! लोकवनच्या आणि बाफल्यांच्या गावाला हे वाचून गंमत वाटावी. यावरून 'बघा, गहू मुळात तुमचा नव्हेच' असा अर्थ काढणारे निघतील, म्हणून लगेच सांगतो की ग्रंथाचा रोख उलटा आहे. सवयीने जे अंगवळणी पडलं ते शरीराला मानवतं, आणि वैद्याने ते धक्का न लावता विचारात घ्यावं, असं तिथे सांगायचं आहे. सूत्रस्थानात तर अपायकारक सवयसुद्धा एकदम मोडू नका, चौथ्या-चौथ्या हिश्श्याने कमी करा, असा क्रम घालून दिला आहे. कणभरही नको, उद्यापासून नको, हा हुकूम चरकाचा नव्हे.

उज्जैनमध्ये हा हुकूम पाळणं किती अवघड, ते प्रसादाशी आल्यावर कळतं. देवळांच्या या गावात मुलाच्या हातावर कोणीही पेढा ठेवतं. पेढा म्हणजे आटवलेलं केसीनच. पुजारी ठेवतो, शेजारची काकू ठेवते, लग्नातला अनोळखी आजोबा ठेवतो, आणि प्रसादाला नको म्हणायचं नसतं. आई मुठीतून पेढा काढून पदराआड लपवते. मूल किंचाळतं. बघणारे तिच्याकडे बघतात. मग महिना-दोन महिन्यांनी फरक दिसला नाही की तोच पेढा आठवतो. 'त्या दिवशी खाल्लं ना त्याने, म्हणून.' पथ्याचा हा भाग मला क्रूर वाटतो. ते कधी हरत नाही. मूल सुधारलं तर पथ्यामुळे, नाही सुधारलं तर आईने कुठेतरी कसूर केली म्हणून. बेटेलहाइमच्या कोर्टातून सुटलेली बाई दुसऱ्या कोर्टात उभी राहते. त्यातून सासूबाईंचा प्रश्न असतोच, की दुधाशिवाय पोर वाढणार कसं?

सासूबाईंचा प्रश्न खुळा नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ४ ते ८ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची जाडी क्ष-किरणांवरून मोजली गेली. ती वयाच्या मानाने पातळ निघाली, आणि दूध बंद असलेल्या मुलांची अधिकच पातळ. मुळात या मुलांचं खाणं आधीच मोजकं असतं. एकच बिस्कीट, एकाच आकाराची पोळी, पांढरंच अन्न, कुरकुरीतच अन्न. त्या पाच-सहा पदार्थांतले चार काढून घेतले तर मूल नवे चार शिकतं असं नाही. पुष्कळदा ते उपाशी राहतं.

पथ्याची खरी परीक्षा घेणं अवघड असतं, कारण आईपासून गहू लपवायचा कसा? तरी ते केलं गेलं. २००६ मध्ये फ्लोरिडात १५ मुलांवर १२ आठवडे प्रयोग झाला. जेवण संशोधकांनी पुरवलं, कोणत्या आठवड्यात काय आहे ते आईबापांना आणि तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. गट म्हणून काही फरक निघाला नाही. तरीही काही पालक म्हणाले, आमच्या मुलात फरक पडला, आम्ही पथ्य चालू ठेवणार. रॉचेस्टरला सुसान हायमन यांनी याहून कडक रीत वापरली. मुलांना आधी पूर्ण पथ्यावर ठेवलं आणि मग मधूनमधून गुपचूप गहू, दूध, दोन्ही, किंवा काहीच नसलेला खाऊ दिला. शेवटपर्यंत टिकली १४ मुलं. झोप, शौच, वागणं, कशातच फरक दिसला नाही. याच्या उलट २००२ मधला नॉर्वेतला २० मुलांचा आणि २०१० मधला डेन्मार्कमधला ७२ मुलांचा प्रयोग पथ्याच्या बाजूने बोलतो. पण त्या दोन्हींत कोणतं मूल पथ्यावर आहे हे आईबापांना ठाऊक होतं. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २०१३ मध्ये सल्ला दिला की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असं पथ्य वापरू नये. मला हा सल्ला रास्त वाटतो.

मग फ्लोरिडातल्या त्या पालकांना काय दिसलं? सगळं मनाचं होतं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण काही घरांत खरोखर काहीतरी घडत असावं. १९९८ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठाची ६५ मुलं घेतली. ही मुलं स्वमग्न नव्हती. गायीचं दूध बंद करून सोयाचं दिल्यावर ४४ मुलांचा कोठा सुटला. आता अशी कल्पना करा की यातलं एखादं मूल बोलू शकत नाही. पोटात कळ येते, ते डोकं आपटतं, रात्रभर जागतं, चावतं. दूध गेलं, शौच साफ झालं, मूल झोपू लागलं, शाळेत बसू लागलं. आईला वाटणार, ऑटिझम कमी झाला. कमी झालं ते दुखणं, आणि तेही काही थोडं नव्हे. पण त्यासाठी अफूचा सिद्धांत लागत नाही, गहू काढावा लागत नाही, आणि 'कणभरही नको' हा धाक तर मुळीच लागत नाही. बालरोगतज्ज्ञाने पोट चाचपलं तरी यातलं बरंच उलगडतं. स्वमग्न मुलाचं पोट मात्र कमी वेळा चाचपलं जातं. ओरडण्याचं कारण आधीच कागदावर लिहिलेलं असतं.

गव्हाच्या बाबतीत इथल्या पालकांनी एक गोष्ट आधी करायला हवी, ती म्हणजे रक्ताची सीलिअ‍ॅकची तपासणी. २०१६ मध्ये देशाच्या तीन भागांतल्या २३ हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत सीलिअ‍ॅकचं प्रमाण शंभरात एकाहून थोडं जास्त होतं, दक्षिणेत हजारात एक. गहू खाणाऱ्या मुलखात हा आजार दुर्मीळ नाही, आणि स्वमग्न मूल त्यातून सुटलेलं नसतं. तपासणी मात्र मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी सहा महिने पोळी बंद ठेवली तर रक्तातली खूण पुसली जाते, अहवाल कोरा येतो, आणि डिके यांनी ज्या मुलांसाठी हे पथ्य शोधलं, नेमकं तसंच एखादं मूल हातून निसटतं.

पर्यायी धान्यांची गोष्ट वेगळीच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी माळव्याच्या खरिपात ज्वारी होती, मका होता; गरिबाघरी भाकरीच असे आणि तिला कोणी ग्लुटेनमुक्त म्हणत नसे. सत्तरच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि ज्वारीचं रान त्याने व्यापलं. इंदूरला सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ मध्ये निघाली. त्या सोयाबीनचं तेल निघतं, पेंड बाहेर जाते. सोयाचं दूध मात्र दुधाऐवजी हवं असणाऱ्या आईला खोक्यातलं विकत घ्यावं लागतं, आणि आजीच्या घरची ज्वारी आता किलोभराच्या पाकिटात 'ग्लुटेन-फ्री' छापून परत आली आहे.

या पथ्याच्या कुळाला बाजूच्या फांद्याही आहेत. सान फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फाइनगोल्ड यांनी सत्तरच्या दशकात चंचल मुलांची रंगीत गोळ्या-पेयं बंद केली. ती वाट वेगळी, पण तिचे नियम आज याच यादीत मिसळून येतात. हास यांची केळीही वाया गेली नाहीत. पन्नासच्या दशकात त्यांनी आतड्याच्या आजाराची एक मुलगी तपासली. तिची आई एलेन गॉट्शॉल यांनी पुढे त्या आहारावर पुस्तक लिहिलं, आणि तांदूळ, बटाटासुद्धा बंद करणारं ते पथ्य स्वमग्न मुलांच्या घरांत शिरलं. माळव्यातल्या ज्या घरात गहू आधीच गेला, तिथे तांदूळही गेला तर उरतं काय?

सध्याची पिढी जंतूंची आहे. स्वमग्न मुलांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात, तिथूनच मेंदू बिघडतो, असं दहा-पंधरा वर्षं बोललं जातंय. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २४७ मुलांची शौचतपासणी झाली, त्यांतली ९९ स्वमग्न. जंतूंच्या फरकाचा ऑटिझमशी थेट संबंध फारसा निघाला नाही. संबंध निघाला तो खाण्याशी. ही मुलं मोजकंच खातात, म्हणून त्यांच्या पोटात जंतूंचे प्रकार कमी असतात. म्हणजे बाण बहुधा उलट्या दिशेचा आहे, स्वभावाकडून ताटाकडे आणि ताटाकडून आतड्याकडे. कॅनर यांच्या ११ मुलांतली बरीचशी पहिल्या वर्षापासूनच खायला नाकारत होती, हे १९४३ च्याच लेखात नोंदलेलं आहे. अन्नाचा आणि ऑटिझमचा संबंध पहिल्या पानापासून दिसत होता. तो कोणत्या बाजूने वाचायचा एवढाच प्रश्न होता.

जंतूंच्या या नव्या लाटेबरोबर पूरक गोळ्या आल्या, पावडरी आल्या, आणि सल्ले आले की मुलाला आंबवलेलं द्या, ताक द्या, घरचं दही द्या. दोन वर्षांपूर्वी केसीनसाठी विरजणाचं भांडं उचलून ठेवलेल्या घरात आता ते पुन्हा खाली काढायचं की नाही, यावर सासू आणि सून पहिल्यांदाच एका बाजूला आहेत.